कसुतीची मागची बाजूही पुढच्यासारखी यावी म्हणून

तुम्ही पांढऱ्या सुती कुर्त्याच्या गळ्याखाली काळ्या दोऱ्याने कसुतीचं, म्हणजे कापडाचे धागे मोजून करायच्या कर्नाटकी भरतकामाचं, गोपूर काढलंय. पुढून छान दिसतं, पण मागे नुसता गुंता झालाय आणि रेषाही जरा नागमोडी आल्यात, म्हणून टाका चुकतोय का असं तुम्ही विचारलंय. टाका तुमचा बरोबरच असणार. सुई कुठल्या वाटेने जाणार आणि कुठून परतणार हे आधी ठरवलं नाही की हमखास असं होतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. कसुतीचे चार टाके: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात ते फक्त गवंती (सरळ रेषेचा दुहेरी धावदोरा) आणि मुर्गी (तसाच, पण पायऱ्यापायऱ्यांनी जाणारा). नेगी म्हणजे लहानमोठ्या लांबीचा धावदोरा, त्यात पुढे जिथे दोरा दिसतो तिथे मागे मोकळी जागा येते. मेंथी म्हणजे आपला क्रॉस स्टिच. गोपुराचा पाया तुम्ही मेंथीने भरला असेल तर तेवढा भाग मागून वेगळा दिसणारच, त्याची काळजी नको.

आता गवंती. जाताना एक टाका वर, एक खाली असा साधा धावदोरा घालायचा आणि परतताना राहिलेल्या जागा भरत यायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. अडचण येते ती मुख्य रेषेला फांद्या फुटतात तिथे. बरेच जण आधी मुख्य रेषा पूर्ण करतात आणि मग एकेका फांदीकडे मागून दोरा ओढत नेतात. गुंता होतो तो इथेच. फांदीचं तोंड आलं की लगेच तिच्यात शिरा, टोकापर्यंत जा, भरत भरत परत या आणि मगच पुढे चला. फांदी तीन टाक्यांची असो की सात, जाऊन-येऊन टाक्यांची संख्या समच होते, त्यामुळे मुख्य रेषेचा वर-खाली क्रम जराही बिघडत नाही. फांदीला उपफांदी असली तरी हाच नियम.

बंद आकाराचं गणित थोडं वेगळं आहे. चौकोन किंवा कमान असेल तर काठावरचे टाके मोजा. संख्या सम असेल तर फेरी पूर्ण झाल्यावर माघारी फिरावं लागतं. तसंच पुढे गेलात तर त्याच टाक्यांवर दुसऱ्यांदा दोरा बसेल आणि मधल्या जागा रिकाम्याच राहतील. विषम असेल तर त्याच दिशेने दुसरी फेरी मारली तरी जागा आपोआप भरतात. आलेख कागदावर नक्षी काढून जाण्याची वाट एका रंगाने आणि येण्याची दुसऱ्या रंगाने आखून घ्या. मी आजही नवी नक्षी असली की हे करते.

रेषा नागमोडी होण्याचं कारण परतीच्या फेरीत असतं. आधीच्या टाक्याचं टोक जिथे आहे त्याच भोकातून सुई गेली पाहिजे, आणि दर वेळी एकाच पद्धतीने. आधीच्या टाक्याच्या वरच्या अंगाने बाहेर काढलीत तर पुढच्याच्या खालच्या अंगाने आत घाला, आणि हे शेवटपर्यंत पाळा. मग सगळे टाके एकाच बाजूला किंचित कलतात आणि रेषा डोळ्याला सरळ दिसते. परतीला टोकदार सुई वापरू नका, ती आधीचा दोरा फाडून मधून जाते. बोथट टोकाची सुई घ्या.

कुर्त्याचं पॉपलीन इतकं घट्ट विणलेलं असतं की धागे मोजताच येत नाहीत, आणि कसुती छाप उठवून नीट होत नाही, ती मोजूनच होते. धारवाड-हुबळी-बेळगाव भागातल्या बायका इरकल साडीवर नुसत्या नजरेने धागे मोजतात, लग्नातल्या काळ्या चंद्रकळेवरची कसुती तर बघत राहावी अशी. तो हात यायला वर्षं लागतात. सुरुवातीला दोसुती किंवा मॅटी, म्हणजे धागे सहज मोजता येतील असं कापड, घ्या. कुर्त्यावरच करायचं असेल तर वर सुटं होणारं कॅनव्हास (नंतर धागे ओढून काढता येणारी जाळी) कच्च्या टाक्यांनी जोडा. मात्र त्याची जाळी कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला अगदी समांतर बसली पाहिजे, नाहीतर गोपूर कलतं. सुई जाळीच्या भोकातूनच जाऊ द्या, कॅनव्हासचा धागा टोचू नका. काम झालं की थोडं ओलं करून चिमट्याने एकेक धागा ओढायचा, आधी सगळे आडवे, मग उभे. कॅनव्हासच्या जाडीमुळे टाके नंतर जरा सैल पडतात, म्हणून भरताना हात नेहमीपेक्षा किंचित घट्ट ठेवा.

(दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा गवंतीसारखा टाका युरोपातही होता. चित्रकार हान्स होल्बाइनने रंगवलेल्या इंग्लंडच्या राणी जेन सिमोरच्या चित्रात, साधारण 1536-37 सालच्या, तिच्या बाहीच्या कडेवर काळ्या दोऱ्याचं असंच काम दिसतं. त्या टाक्याला होल्बाइनचंच नाव आहे.)

दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर, त्याहून लांब नको. सहा पदरी लडीतले दोन पदर पुरतात, पण ते एकेक करून वेगळे काढा आणि मग पुन्हा जुळवा, म्हणजे पीळ पडत नाही. गाठ अजिबात मारायची नाही. सुरुवातीला चार बोटं टोक मोकळं सोडा आणि परतीची फेरी झाली की ते मागच्या टाक्यांना गुंडाळून टाका. दोन नक्ष्यांमध्ये अंतर असेल तर मागून दोरा नेऊ नका, तो तोडा. पांढऱ्यावर काळा दोरा पुढूनही जाणवतो.

आणि रंग. काळा किंवा लाल दोरा वापरण्याआधी त्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या चिंधीत दाबून बघा. कापडही आधी धुऊन घ्या, सुती आटतं आणि मग टाक्यांभोवती चुण्या पडतात. तयार कामाचा रंग धुताना सुटलाच तर कापड वाळू देऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. लगेच गार पाण्यात बुडवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा.

तुमच्या गोपुराला किती फांद्या आहेत आणि कमानीच्या काठावर किती टाके आहेत ते मोजून सांगा, वाट कुठून सुरू करायची ते मी आखून देईन.