"नुसतं मीठ-पाणीच की, मॅडम!"

खेळाडूंसोबत काम करताना हा प्रश्न मी सतत ऐकते. पैलवान विचारतात, धावपटू विचारतात, आईवडील तर हमखास: "साधं सलाईन, ते डोपिंग कसं?"

कोल्हापूरकडच्या तालमीतला 57 किलो गटातला एक पोरगाही हेच विचारत आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वजन उतरवायला पाणी तोडायचं आणि वजन झालं की दवाखान्यात 500 मिलीची बाटली, असा त्याचा शिरस्ता.

मी नियम सांगितला. 'वाडा', म्हणजे डोपिंग रोखणारी जागतिक संस्था, 12 तासांत 100 मिलीपेक्षा जास्त काही शिरेतून घेऊ देत नाही, स्पर्धा असो वा नसो. बाटलीभर पाणी थेट रक्तात गेलं की रक्त पातळ होतं, कृत्रिमरीत्या वाढवलेलं हिमोग्लोबिन झाकलं जातं, लघवीतल्या औषधाचा मागही पुसट होतो. 2018 मध्ये अमेरिकेचा जलतरणपटू रायन लॉक्टी याने शिरेतून जीवनसत्त्वं घेतानाचा स्वतःचा फोटो टाकला. द्रव्य चालणारं होतं, तरी 14 महिने बंदी.

पोराने मान डोलावली. अंगठा मात्र कोपराच्या आतली शीर चोळतच होता.

"बाटली नाही लावली तर काय होईल?"

"हातपाय गळतील."

"कधी बघितलंस?"

गप्प. तिसऱ्या भेटीत हळूच म्हणाला, "लहानपणी टायफॉइड झालता. बाबा रातभर थेंब मोजत बसले होते. एरवी कधी जवळ बसत न्हाईत."

मी वही मिटली. प्रसंगापेक्षा त्याबद्दलचा आपला 'पाहिजेच'चा हट्ट आपल्याला जास्त छळतो, असं मानणारी मी. पण या 'पाहिजेच'खाली बापाची सोबत असेल, हे मलाही उशिरा उमगलं. त्या दिवसापासून मी नियम शेवटी सांगते, आधी विचारते: सुई टोचताना शेजारी कोण असतं?

पालकहो, खऱ्या आजारपणात सलाईन नाकारू नका. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया, तपासण्या यांना मुभा आहे. एरवी 'नाडा'कडे, म्हणजे डोपिंग रोखणाऱ्या आपल्या राष्ट्रीय संस्थेकडे, उपचारासाठी सूट मागता येते, तातडीच्या वेळी नंतरही. डॉक्टरांचे कागद तेवढे जपा. वजनासाठी स्वतःच सुकवलेलं शरीर मात्र या सवलतीत बसत नाही. ते सुकवूच नका. मुलगा नैसर्गिक वजनाच्या जवळच्या गटात खेळला, तर वजनानंतर तोंडाने घेतलेलं ओआरएस पुरतं.

पोरगा वरच्या गटात गेला. निवडीच्या सकाळी वडील गादीशेजारी बसले होते, मांडीवर ओआरएसची बाटली धरून.