खान्देशातील नगरपालिकांची तुलना करताना

प्रश्न : शहादा, तळोदा, सावदा, भुसावळ अशा नगरपालिकांच्या लोकस्थितीची व आर्थिक स्थितीची तुलना मी २०११ च्या जनगणनेवरून करीत आहे. कोणते आकडे जपून वापरावेत? – एक वाचक, चोपडा

उत्तर : आधी शहराभोवतीचा मुलूख पाहावा. अनुसूचित जमातींचे प्रमाण जळगाव जिल्ह्यात १४ टक्क्यांच्या आसपास, तर नंदुरबारमध्ये ६९ टक्के आहे. त्यामुळे नंदुरबारमधले तळोदा आणि जळगावमधले सावदा यांचे आकडे थेट शेजारी मांडले, तर निष्कर्ष चुकतो.

सर्वांत फसवा आकडा काम करणाऱ्यांच्या प्रमाणाचा. नंदुरबार जिल्ह्यात हे प्रमाण जळगावपेक्षा जास्त दिसते, परंतु ती सुबत्तेची खूण नव्हे. घरातल्या बाईलाही मजुरीला जावेच लागते, तिथे हा आकडा वाढतो. म्हणून वर्षात सहा महिन्यांहून कमी काम मिळालेल्यांची संख्या वेगळी काढावी. शिवाय गणना झाली ती ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात, म्हणजे नंदुरबारच्या डोंगराळ अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांकडची कितीतरी कुटुंबे कोयते घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असतात त्या दिवसांत. त्या वर्षी होळी मार्चमध्ये होती, आणि ही माणसे होळीला घरी येतात. गणनेचा संपूर्ण काळ जी बाहेर होती, त्यांची नोंद त्या मुक्कामीच झाली. डोंगरातल्या तालुक्यांची लोकसंख्या वाचताना हे विसरू नये, असे मला कळकळीने वाटते.

पालिकेच्या उत्पन्नावरून शहराची श्रीमंतीही ठरवू नये. भुसावळ सुमारे १ लाख ८७ हजार वस्तीचे, रेल्वेच्या पगारावर वाढलेले शहर. सावदा जेमतेम वीस हजारांचे. पण सावदा, रावेर, यावल या पट्ट्यात केळीची मोठी उलाढाल होते, आणि बागा हद्दीबाहेर असल्याने ती घरपट्टीत उमटत नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे यांची मागणी व प्रत्यक्ष वसुली एकीकडे आणि शासकीय अनुदान दुसरीकडे, अशीच मांडणी करावी.

एक रकाना मात्र कदापि गाळू नये. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे नंदुरबार जिल्ह्यात ९४४ मुली होत्या, तर केळीच्या पैशाने बहरलेल्या जळगाव जिल्ह्यात ८४२. दरडोई उत्पन्नाचा तक्ता कराल, तेव्हा हा आकडा त्याच पानावर असू द्या.