लाटांच्या माऱ्याचं मॉडेल करून कुठल्या खडकावर कोणते जीव सापडतील हे घरबसल्या सांगता येतं का?

ढोबळ सांगता येतं. पण तुमच्या प्रश्नात ‘घरबसल्या’ आहे, म्हणून लिहायला बसलो.

माझा एमएस्सीचा प्रकल्प हाच होता. देवगड तालुक्यातलं एक टोक आणि त्यावरची बारा ठिकाणं. बरोज आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वापरलेली, २००८ साली छापून आलेली फेचची पद्धत घेतली. फेच म्हणजे वाऱ्याला लाटा उठवायला मिळणाऱ्या मोकळ्या पाण्याचं अंतर. नकाशावर २०० मीटरच्या चौकटी, प्रत्येक ठिकाणाहून १६ दिशांना रेषा, जमीन आडवी येईपर्यंत मोजायचं, नाहीतर २०० किलोमीटरला थांबायचं. तिकडे बेटंच बेटं, त्यामुळे आकड्यांत फरक पडतो. आपल्याकडे पश्चिमेला तोंड केलं की पार अरबस्तानापर्यंत पाणीच. माझ्या बारापैकी नऊ ठिकाणांचा आकडा जवळपास एकच आला!

त्यातली दोन तर एकमेकांपासून चारशे पावलांवर. एका खडकावर बार्नेकल आणि तुरळक लिम्पेट (दोन्ही खडकाला चिकटून राहणारे कवचाचे जीव), दुसऱ्यावर कालवांना कालवं चिकटलेली. मी वहीत चौकोन आखत डोकं खाजवत होतो. तिथे कालवं काढणाऱ्या एक काकी होत्या, त्यांना विचारलं, पलीकडे का नाही जात? म्हणाल्या, “थय खयची कालवां? लाट सरळ येऊन आपटता. हय ती भायरच्या खडपार फुटता, मगे आत येता.”

बाहेरचं खडप, म्हणजे पाण्यातला खडकाळ पट्टा! ओहोटीला जेमतेम दिसणारं, साठेक पावलं रुंद. २०० मीटरच्या चौकटीत ते पार विरघळून गेलेलं.

गाइडना सांगितलं तर म्हणाले, तुझं सॅम्पलिंग चुकलंय. मग हट्टाने पीओपीच्या वड्या केल्या. बर्फाच्या ट्रेमध्ये पाडायच्या, वाळवून वजन करायचं, फरशीच्या तुकड्यावर चिकटवून खडकाच्या भेगेत घट्ट बसवायच्या. पाणी जितकं हलेल तितकी वडी झिजते. एका दिवसानंतर मोकळ्या टोकावरची निम्म्याहून कमी उरली होती, काकींच्या जागेतल्या वडीच्या फक्त कडा गोल झाल्या होत्या. तरी तोंडी परीक्षेत ऐकावं लागलं, “कालवंवालीच्या सांगण्यावरून मॉडेल बदलणार का?” तेव्हा गप्प बसलो. आज सांगतो, हो, बदलणार. जो खडपावर गेलेला नाही त्याने चौकटीचा आकार ठरवूच नये.

दुसरी चूक माझी स्वतःची. वाऱ्याची वर्षाची सरासरी घेतली होती. कोकणात वर्षाची सरासरी म्हणजे काय? जून ते सप्टेंबर खोल पाण्यात तीन-चार मीटरच्या लाटा, बाकी वर्ष बहुतेक मीटरभर. चार महिने वेगळे काढा. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडच्या शमाल वाऱ्याने उठलेल्या लाटा वायव्येकडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात, दक्षिण महासागरातली फुगही (दूरच्या वादळांनी उठलेल्या लांब लाटा) येते. २०० किलोमीटरला थांबणाऱ्या रेषेला यातलं काही दिसत नाही. त्यासाठी स्वॅनसारखं लाटांचं मॉडेल लागतं, आणि त्याला किनाऱ्याजवळची खोली नीट द्यावी लागते. ती मिळवणं हीच खरी मारामारी.

आता गाइडच्या बाजूने एक मुद्दा, नाहीतर तुम्हाला वाटेल मी निव्वळ राग काढतोय. जीवशास्त्रज्ञ बॅलंटाइन यांनी १९६१ साली खडकावरच्या जीवांवरूनच मारा मोजायची पट्टी बनवली. जीवांवरून मारा ठरवायचा आणि त्याच माऱ्यावरून जीव ओळखायचे, हे गोल फिरणं झालं. नकाशावरचा आकडा जीवांकडे न बघता निघतो, म्हणून फेच टाकाऊ नाही. पण काकींनी कालवांकडे नाही, लाट कुठे फुटते त्याकडे बोट दाखवलं होतं. हा फरक मला परीक्षेनंतर दोन वर्षांनी सुचला.

हो, आणि वड्या पावसाळ्यात लावू नका. मी एकदा जूनमध्ये लावल्या, फरशीसकट गेल्या.