‘तुझ्या आईला सांगेन’

“मॅडम, हिचा फोन कायमचा काढून घेऊ ना? एवढंच सांगा.”

खुर्चीत बसायच्या आधीच त्या आईनं विचारलं. मागे तिची १३ वर्षांची मुलगी उभी होती, बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतलेली. काही दिवसांपासून ती नीट जेवत नव्हती, रात्री उठून बसायची, फोन वाजला की दचकायची. शेवटी आईनं फोन तपासला, तर घरात कुणालाच ठाऊक नसलेलं इन्स्टाग्राम खातं सापडलं, आणि त्यात एका अनोळखी माणसाचे संदेश. “आमच्याकडे सोशल मीडियाला पूर्ण बंदी आहे. तरी हिनं असं केलं!” आईच्या आवाजात रागापेक्षा घाबरणं जास्त होतं.

फोन काढून घ्यावा का, हा प्रश्न मला पालक सतत विचारतात. म्हणूनच या कुटुंबाच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून, हा अनुभव लिहिते आहे.

मुलीशी मी एकटीशीच बोलले. बराच वेळ ती गप्प होती. त्या माणसाबद्दल मी काहीच विचारलं नाही. खात्यावर काय टाकतेस, एवढंच विचारलं. “चित्रं,” ती म्हणाली आणि पहिल्यांदा मान वर केली. पेन्सिलीनं काढलेले हात होते. म्हाताऱ्या माणसाचे, बाळाचे, सुई ओवणारे. “बोटं जमतच नव्हती मला. एका बाईंनी लिहिलं, बोटं काढू नकोस, बोटांमधली रिकामी जागा काढ. मग जमायला लागली.” शाळेत ती चित्रं काढते हे कुणाला माहीत नव्हतं. इथे मात्र तिच्यासारख्याच चित्रं काढणाऱ्या चार-पाच मुली भेटल्या होत्या, एकमेकींच्या चुका दाखवणाऱ्या, नवं चित्र कधी येणार म्हणून विचारणाऱ्या. पालकांशी बोलताना हे मी मुद्दाम आधी सांगते. मूल तिथे कशासाठी जातं हे न समजता आपण ते बंद करतो, तेव्हा त्याचं नेमकं काय हिरावलं हे आपल्याला कळतच नाही. मुलाला मात्र ते पक्कं ठाऊक असतं.

त्या माणसानंही सुरुवात चित्रांच्या कौतुकानंच केली होती. मी १६ वर्षांचा आहे, असं त्यानं सांगितलं. दोन-तीन आठवडे रोज गोड बोलणं. मग “इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू.” मग “तुझा एक फोटो पाठव ना.” तिनं गणवेशातला साधा फोटो पाठवला, खिशावर शाळेचं नाव असलेला. त्यानंतर तो वेगळ्या प्रकारचे फोटो मागू लागला. तिनं नाही म्हटलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, ती ठामपणे नाही म्हणाली होती. त्यावर त्याचा संदेश आला: “नाही पाठवलेस तर तुझ्या आईला सांगेन की तुझं इथे खातं आहे.”

घरी कळलं तर माझं काही खरं नाही, हे तिनंच कधीतरी बोलण्याच्या ओघात त्याला सांगितलं होतं. तिला वाचवण्यासाठी घातलेली बंदी त्या एका वाक्यानं त्याच्या हातातलं शस्त्र झाली.

आणखी एक गोष्ट घडली होती. खातं उघडताना तिनं जन्मसाल खोटं टाकलं होतं, त्यामुळे ॲपच्या लेखी ती २० वर्षांची होती. इन्स्टाग्रामनं सप्टेंबर २०२४ पासून १८ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी खाती आणायला सुरुवात केली. अशी खाती आपोआप खासगी असतात, अनोळखी माणूस त्यांना थेट संदेश पाठवू शकत नाही, आणि १६ वर्षांखालच्या मुलांना हे नियम सैल करायला पालकांची संमती लागते. खोट्या सालामुळे यातलं काहीच तिच्या वाट्याला आलं नाही. मुलं साल खोटं टाकतात आणि कधीकधी पालकच ते टाकून देतात. बरं, खातं उघडायला १३ वर्षं पूर्ण हवीत ही अट तरी कुठून आली? १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करण्यावर बंधनं घालणाऱ्या, १९९८च्या अमेरिकी कायद्यातून. तेराव्या वाढदिवशी मूल या जगाला तयार होतं, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

आईला हे सगळं मुलीनं स्वतः सांगितलं, माझ्यासमोर. आई बराच वेळ रडली. तिची काळजी चुकीची होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियानं १६ वर्षांखालच्या मुलांच्या खात्यांवर बंदी आणली, मग आम्ही घरात घातली तर काय बिघडलं, असं पालक मला विचारतात तेव्हा मी एक फरक दाखवते. तिथे दंड कंपन्यांना आहे. मुलांना किंवा पालकांना शिक्षा नाही. घरातल्या बंदीत शिक्षेच्या भीतीचं सगळं ओझं मुलावर येतं, आणि मग अडचणीत सापडलेलं मूल आपल्यापाशीच यायला घाबरतं.

आधी तातडीचं काम केलं. त्याला उत्तर द्यायचं नाही, काही पाठवायचं नाही. आई रागानं तिथल्या तिथे खातं पुसून टाकणार होती, मी थांबवलं. आधी सगळ्या संदेशांचे आणि त्याच्या खात्याच्या नावाचे स्क्रीनशॉट घेतले, मग दोन्ही ॲपवर तक्रार केली, मग ब्लॉक केलं. पोलिसांकडे आई-वडील दोघंही गेले, शाळेलाही कळवलं. काही मुलांच्या बाबतीत खासगी फोटो गेलेला असतो. तेव्हाही मार्ग संपत नाही. ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा फोटोचा डिजिटल ठसा मुलाच्याच फोनवर तयार करते. फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त ठसा जातो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. धमकी देणाऱ्याची मागणी पुरवली की तो थांबत नाही, आणखी मागतो, हे मुलांना आधीच माहीत असायला हवं.

वडिलांना मुलीच्या फोनमध्ये तिच्या नकळत लक्ष ठेवणारं ॲप टाकायचं होतं. मी विरोध केला. लहान मुलावर लक्ष ठेवावंच लागतं, पण त्याला सांगून. चोरून ठेवलेली पाळत उघडी पडली की मूल दुसरं खातं काढतं, ते आणखी खोल लपवतं.

नियम ठरवायला आम्हाला दोन बैठका लागल्या. खरी जन्मतारीख टाकून नवं खातं. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत, वडिलांचाही. यावर सर्वांत जास्त वाद झाला. आई खातं पाहू शकेल, पण चित्रांखाली काही लिहिणार नाही, ही मुलीची अट. मग तिनं विचारलं, “आणि मी नियम मोडला तर?” याचं उत्तर आईनंच शोधलं: नियम मोडल्याचा परिणाम आधी ठरलेला असेल, तेवढाच होईल, पण येऊन सांगितल्याबद्दल फोन कधीच जाणार नाही. मुलीनं ते कागदावर लिहून मागितलं. आईनं लिहून दिलं, खाली सही केली.

तो माणूस अजून सापडलेला नाही. मुलीनं पुढे दीड महिना एकही चित्र टाकलं नाही, आणि आम्ही कुणी तिला टाक म्हटलं नाही.

परवा आईचा फोन आला. मुलगी शाळेतल्या एका मैत्रिणीला घरी घेऊन आली होती. तिलाही कुणीतरी दुसऱ्या ॲपवर बोलवत होतं आणि घरी सांगायची तिला हिंमत होत नव्हती. “ती माझ्याकडे आली हो, मॅडम,” आई म्हणाली. “तिच्या आईशी कसं बोलू, तेवढं सांगा.”

गुरुवारी त्या दोघी माझ्याकडे येत आहेत.