तल्लफ नेमकी कुठून आली?

प्रश्न : ऑफिसात चार वाजले की मी म्हणते 'चहाची तल्लफ आली', आणि शेजारच्या टेबलवरचा लखनौचा सहकारी रोज टोकतो, 'तल्लफ नाही हो, तलब! आमचा शब्द तुम्ही बिघडवलात.' खरंच बिघडवलाय का आपण?

उत्तर : आधी त्याला एक कटिंग पाजा, कारण तो निम्मा बरोबर आहे. तलब अरबी, म्हणजे मागणं, बोलावून घेणं, त्यावरूनच हिंदीत 'चाय की तलब' आणि नेपाळीत तर तलब म्हणजे चक्क पगार. अर्थ मस्त जुळतो, कारण तल्लफ ही शरीराने लावलेली वसुलीच की, पाण्याची तहान लागते, भाकरीची भूक लागते, तल्लफ येते ती चहा, विडी, तपकीर असल्या लागलेल्या सवयींचीच. तळहातावर चुना घेऊन तंबाखू मळणारा माणूस बघा, चिमूट ओठामागे जाईपर्यंत वाक्यसुद्धा पुरं करत नाही.

पण गोची अशी की हिशोब, जबाब, खराब, गुलाब, या सगळ्यांचा शेवटचा ब आपण नीट सांभाळलाय, मग एकट्या तलबचाच फ कसा झाला? अरबीत तलफ पण आहे, पण त्याचा अर्थ नाश, उर्दूतली हकतलफी, म्हणजे कुणाचा हक्क बुडवणं, त्यातलीच. व्यसनाने नाश होतो म्हणून तल्लफ, हे कीर्तनात शोभेल, मला नाही पटत. तिसरा दावेदार उत्तर प्रदेशातल्या अवधी-ब्रज बोलींमधला तलफना, म्हणजे पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखं तडफडणं, आणि इथे फ आयता मिळतो.

असल्या शब्दांचं हे असंच असतं. अमेरिकन स्लँगमध्ये तल्लफेला 'जोन्स' म्हणतात, तो १९६० च्या दशकापासून छापील सापडतो, आणि न्यूयॉर्कच्या ग्रेट जोन्स गल्लीत गर्दुल्ले बसायचे म्हणून तो पडला असं छातीठोक सांगतात, पण ती गोष्ट ऐकीवच.

माझा अंदाज विचाराल तर शब्द तलबचा, त्याला फ चिकटला तलफनाचा, आणि ल दोनदा म्हणायची हौस तेवढी आपली. म्हणजे बिघडवला असला तरी दोन्हीकडचा माल तुमच्या सहकाऱ्याच्याच गावचा, सांगा त्याला, चार वाजता.