डब्लिनजवळचे स्केरीज हे केवळ चाकरमान्यांचे गाव आहे का?

डब्लिनमध्ये नोकरी लागल्यामुळे आपण उत्तरेकडील स्केरीज येथे घर पाहत आहात, परंतु ते गाव केवळ रात्री मुक्कामाला येणाऱ्यांचे असेल तर कुटुंबाला तेथे एकटेपणा जाणवेल, अशी शंका आपण विचारली आहे. मी याच गावात सहकुटुंब राहतो आणि वसईहून चर्चगेट गाठणाऱ्या चाकरमान्याप्रमाणे रोज सकाळी ट्रेनने डब्लिनला जातो, त्यामुळे ही शंका मला नीट समजते. येथील बरेच लोक रोज डब्लिनला जातात हे खरे आहे. मात्र गाव त्यांच्यासाठी वसवलेले नाही; रेल्वे येण्यापूर्वी कित्येक शतके ते समुद्रावर जगत आले आहे आणि चारचौघांनी मिळून काम करण्याची त्याची जुनी रीत अद्याप शाबूत आहे.

स्केरीज डब्लिनच्या उत्तरेस सुमारे 30 किलोमीटरवर, फिंगल भागात किनाऱ्यावर आहे. 2022च्या जनगणनेनुसार लोकसंख्या दहा हजारांहून थोडी अधिक आहे. किनाऱ्यासमोर शेनिक, कोल्ट आणि सेंट पॅट्रिक्स अशी तीन लहान बेटे आहेत. एकेकाळचे चौथे बेट, रेड आयलंड, आता जमिनीला जोडले गेले असून गावाचे बंदर त्याच्याच आडोशाला आहे. सेंट पॅट्रिक्स बेटावर आज समुद्रपक्ष्यांखेरीज कोणी नाही, तरी 1148 साली संत मॅलकी यांनी आयर्लंडच्या चर्चची धर्मसभा तेथेच भरवली होती आणि आयरिश आर्चबिशपांना पोपची मान्यता मिळवण्यासाठी ते तेथूनच रोमच्या वाटेला लागले. वाटेत फ्रान्समधील क्लेर्व्हो येथे त्यांचा अंत झाला.

याच बेटाशी जोडलेली एक दंतकथा येथील प्रत्येक मुलाला पाठ असते. आयर्लंडचे संरक्षक संत पॅट्रिक बेटावर उतरले असताना त्यांची शेळी गावकऱ्यांनी चोरून खाल्ली. संत कोल्ट बेटावर पाय टेकवून दोन ढांगांत रेड आयलंडवर आले आणि त्यांनी जाब विचारला. गावकरी खोटे बोलू लागले, तेव्हा त्यांच्या तोंडून शब्दांऐवजी शेळीचे बेंबटणे बाहेर पडू लागले आणि कबुली दिल्यावरच त्यांची वाचा परतली. संतांच्या पावलाचा म्हणून दाखवला जाणारा ठसा खडकावर आजही आहे, आणि शेजारच्या गावांनी ‘शेळ्या’ म्हटलेले स्केरीजकर स्वतः अभिमानाने मिरवतात. आपल्याच पूर्वजांच्या चोरीची गोष्ट इतक्या मोकळेपणाने सांगणारे गाव मला पहिल्या भेटीतच आवडले होते.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत गाव मासेमारी, मिल्व्हर्टनच्या खाणीतील चुनखडी आणि गिरण्यांतील पीठ यांवर जगत होते. स्त्रियांच्या हातचे भरतकामही प्रसिद्ध होते. जमिनीची मालकी हॅमिल्टन या जमीनदार घराण्याकडे होती आणि त्यांच्यापैकी एकाच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ मुख्य रस्त्याच्या टोकाशी आहे. 1844मध्ये डब्लिन ते द्रोहेडा रेल्वे सुरू झाली आणि राजधानी एकाएकी जवळ आली. पुढे येथे सुटी घालवायला लोक येऊ लागले. 1947 साली इमन क्विन यांनी रेड आयलंडवर सुटीची छावणी उघडली. तेथे राहण्याजेवणाचे पैसे पाहुणा आधीच भरत असे, त्यामुळे तो आला की त्याच्याकडून आणखी काही उकळण्याऐवजी पुढच्या वर्षी त्याला पुन्हा यावेसे वाटेल असे वागवणे, एवढाच धंद्याचा मार्ग उरत होता. त्यांचे चिरंजीव फर्गल क्विन यांनी हा धडा तेथेच गिरवला आणि पुढे ‘सुपरक्विन’ ही दुकानांची साखळी त्यावर उभी केली. छावणी केव्हाच पाडली गेली. त्या जागी आता मोकळे मैदान आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनच्या धास्तीने बांधलेला मार्टेलो बुरूज मात्र तेथे टिकून आहे.

रेल्वेवर हे गाव किती अवलंबून आहे हे 2009मध्ये दिसून आले. 21 ऑगस्टच्या संध्याकाळी, डब्लिनच्या वाटेवरील मॅलाहाइडच्या खाडीवरील पुलाचा एक भाग, नुकतीच एक ट्रेन त्यावरून गेलेली असताना, पाण्यात कोसळला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही; पण मार्ग नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बंद राहिला आणि खाडीच्या उत्तरेकडील सगळ्या गावांचा डब्लिनशी थेट रेल्वेसंबंध तुटला. घर निवडताना हा एकच लोहमार्ग आहे हे लक्षात ठेवावे. तो विद्युतीकृत करून शहरी ‘डार्ट’ सेवा मॅलाहाइडच्या पुढे द्रोहेडापर्यंत नेण्याची योजना आहे. ती पूर्ण झाली तर आपल्यासारख्यांना मोठा दिलासा मिळेल.

आता समाजजीवनाविषयी, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. गावाच्या कडेला एक पाणचक्की, पाच पात्यांची एक पवनचक्की आणि चार पात्यांची, गवताने शाकारलेली दुसरी पवनचक्की असा एक समूह आहे. तो पडझडीला लागला होता. 1990च्या दशकात त्याचा जीर्णोद्धार झाला आणि आज तेथे चक्की प्रत्यक्ष फिरताना पाहता येते, शेजारी उपाहारगृह चालते, शेतमालाचा बाजारही भरतो. गावाची स्वतःची इतिहास संस्था असून तिचे सभासद निबंध लिहून एकमेकांपुढे वाचतात. शहरात नोकरी करून संध्याकाळी गावच्या जुन्या मासेमारीवर टिपणे काढणारी माणसे पाहिली की मला विशेष आदर वाटतो.

मात्र सर्वांत मोठे काम ‘टायडी टाउन्स’चे आहे. गावे नीटनेटकी राखण्याची ही राष्ट्रीय स्पर्धा 1958पासून चालते आणि 2016 साली स्केरीज संपूर्ण आयर्लंडमध्ये प्रथम आले. केवळ फुलांच्या कुंड्या मांडून ही स्पर्धा जिंकता येत नाही. परीक्षक उन्हाळ्यात न सांगता येऊन जातात आणि रस्ते, जुन्या इमारती, कचऱ्याची व्यवस्था, वन्यजीवांचा अधिवास अशा अनेक अंगांना गुण देतात, त्यामुळे स्वयंसेवकांना वर्षभर राबावे लागते. नव्याने आलेल्या माणसाला गावात शिरण्याचा यापेक्षा सरळ दरवाजा मला माहीत नाही: हातमोजे घालून किनाऱ्यावरचा कचरा उचलायला उभे राहा, तुमचे नाव, गाव आणि चहात साखर किती हे सगळ्यांना आपोआप कळते.

दुसरा दरवाजा क्रिकेटचा, आणि तो मराठी माणसाला सुखद धक्का देणारा आहे. आयर्लंडमध्ये गेलिक, म्हणजे तेथील पारंपरिक देशी, खेळांच्या संघटनेने 1971पर्यंत आपल्या सभासदांना क्रिकेट, रग्बी वगैरे ‘परकीय’ खेळ खेळण्यास मनाई केली होती. तरीही फिंगलच्या खेड्यापाड्यांत शेतकरी आणि शेतमजूर क्रिकेट खेळतच राहिले. याच परंपरेतला ‘द हिल्स’ क्लब 1969मध्ये स्थापन झाला आणि त्याचे मैदान गावाबाहेर मिल्व्हर्टनला आहे. गेलिक फुटबॉल खेळणारा ‘स्केरीज हार्प्स’ आणि रग्बीचा क्लबही तितकेच जिवंत आहेत. मुलांना कोठेतरी घालावे, पालकांच्या ओळखी सीमारेषेवर होतात.

निसर्गाचे म्हणाल तर समुद्रात थोडे दूर रॉकाबिल या खडकांवर दीपगृह आहे आणि उन्हाळ्यात तेथे रोझिएट टर्न या दुर्मीळ पक्ष्याची युरोपातील सर्वांत मोठी वसाहत भरते. हिवाळ्यात कॅनडाच्या आर्क्टिक भागातून ब्रेंट हंस किनाऱ्यावर उतरतात. ओहोटीला शेनिक बेटापर्यंत चालत जाता येते. परंतु भरतीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय मुलांना घेऊन मुळीच जाऊ नये.

हिवाळ्यात काळोखातच निघून काळोखातच परतावे लागते, आणि त्या महिन्यांत घरी असणाऱ्या जोडीदाराला गावातल्या संस्थांचा आधार आपल्यापेक्षा अधिक लागतो. म्हणून केवळ रविवारी उन्हात गाव पाहून निर्णय घेऊ नका. कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या ट्रेनने एकदा डब्लिनला जाऊन पाहा, स्टेशनपासून घर किती चालीवर आहे ते मोजा, आणि भाडेकरार करण्यापूर्वी मुलांच्या शाळेत जागा आहे का याची चौकशी करा.