दुबईत कोडिंगला यायचं म्हणतेस तर

बाय, तू विचारलंस की गोव्यात वाळपईत बसून अमेरिकेच्या विमा क्लेम्सचं मेडिकल कोडिंग करतेस, म्हणजे आजार-उपचारांना बिलासाठी कोड देतेस, सीपीसी ही कोडरची परीक्षाही झालीय, तर नवरा आणि चौथीतल्या मुलाला घेऊन दुबईला यावं, की मावसबहिणीकडे इंग्लंडला जावं. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, त्यात मी पडत नाही.

कामापुरती दुबईच बरी. इथे निदानाला आयसीडी-१०-सीएम आणि उपचाराला सीपीटी या अमेरिकन कोडयाद्या, म्हणजे तुझ्या रोजच्या हाताखालचंच. इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, साधा आयसीडी-१० आणि शस्त्रक्रियांना ओपीसीएस-४. सीपीटी तिथे चालत नाही, नव्याने शिकावं लागेल. सीपीसीपुढचा नवशिक्याचा 'ए' अजून असेल तर आधी तो काढून घे, इथे अनुभव बघतात. आणि एन्कोडरवर, म्हणजे कोड शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर, विसंबू नकोस. डॉक्टर एका ओळीत टाइप टू डायबेटिस लिहितात, चार ओळी खाली किडनीचा जुना विकार, स्टेज तीन. वेगवेगळं शोधलंस तर ई११.९ (गुंतागुंत नसलेला मधुमेह) आणि एन१८.३० (किडनीची स्टेज तीन) मिळेल. पण डॉक्टरांनी नाकारलं नसेल तर नियम दोन्हींचा संबंध धरतो, म्हणून आधी ई११.२२ (मधुमेहासह किडनीचा जुना विकार), मग एन१८.३०. असली चूक मुलाखतीतच पकडतात.

कागदांनी मला रडवलं. डिग्री माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या. एका खिडकीवर चाललं ते पुढच्या खिडकीने परत पाठवलं, कारण विचारलं तर तिथला माणूस मान वर करीना. तुमची लग्नाची दुसरी सही झाली आहे ना, ते आजच बघ. गोव्यात पहिली सही म्हणजे नुसता लग्नाचा इरादा, लग्नाची नोंद दुसऱ्या सहीने होते; कितीतरी जोडपी पहिलीवरच थांबतात, आणि इथे कुटुंबाचा व्हिसा लग्नाच्या दाखल्यावर अडतो.

आता मुलाचं. माझाही चौथी झाल्यावर आला. फोंड्याच्या सरकारी मराठी शाळेत तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणायचा. इथल्या शाळेने इंग्रजीत गणिताची चाचणी घेतली. आकड्यांची सगळी बरोबर, शाब्दिक उदाहरणं कोरी. त्याच्यासमोर मला सांगितलं, मुलगा कच्चा आहे, पुन्हा चौथीत बसवा. वर अरबी सक्तीची. आज तो इंजिनियरिंगला आहे आणि ते आठवतही नाही म्हणतो. माझा राग मात्र अजून गेलेला नाही. तुझा प्रश्न वाचला आणि तो कोरा पेपर पुन्हा डोळ्यांसमोर आला, म्हणून तर एवढं लिहितेय.

एकटेपणाचं विचारलंस. पहिल्या चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी व्हिडिओवर बघताना रडू येतं, मग सवय होते. त्याला भिऊ नकोस.

तू आधी एकटी ये. मुलाला वर्षभर सासूबाईंकडे ठेव, इंग्रजीतली शाब्दिक उदाहरणं रोज सोडवून घ्यायला सांग. इथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, तेव्हा जानेवारीतच जाऊन विचार की इयत्ता कशावरून ठरवता, आणि प्रश्न मुलाला त्याच्या भाषेत समजावून देता का. नाही म्हणाले तर दुसरी शाळा बघ, इथे भारतीय शाळा पुष्कळ आहेत.